पती परदेशी, फाईल रांगेत: भेटीला जावे की वाट पाहावी?

गेल्या वर्षावासात उमरखेडच्या आमच्या विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू होते. त्या दिवशीचे वाचन संपले, सरणत्तय झाले, बायामाणसे चपला शोधू लागली. एक मुलगी मात्र खांबाजवळ बसूनच राहिली. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत फाईल. गर्दी पांगल्यावर ती जवळ आली.

‘जयभीम गुरुजी. तुम्हाला इंग्रजी येतं. एवढा कागद बघता का?’

मुलगी माहितीतली. तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात परिचारिका आहे. दोन वर्षांपूर्वी लग्न झाले. मुलगा पुसदकडचा, अमेरिकेत नोकरीला, तिथे कायम राहण्याचा परवाना म्हणजे ग्रीन कार्ड मिळालेला. लग्नानंतर तो अठरा दिवस राहिला आणि गेला. तिला नेण्यासाठी त्याने तिकडे अर्ज भरला आहे, पण त्याची रांग काही सरकत नाही. म्हणून मध्ये दोन-तीन महिने नुसते भेटून यावे असा विचार नवरा-बायकोने केला. शहरातल्या एका एजंटाने पर्यटक व्हिसाचा अर्ज भरून दिला होता. त्यातल्या एका ओळीवर तिने बोट ठेवले. प्रश्न असा होता की, तुमच्यासाठी कोणी कायम वास्तव्याचा अर्ज कधी दाखल केला आहे काय? एजंटाने उत्तर भरले होते, ‘नाही’.

‘इथं “नाही” लिहिलं तरच व्हिसा भेटतो म्हणतो तो. पण गुरुजी, कागद तर तिकडं जमा झालाय. मग “नाही” कसं लिहू?’

ह्या एका प्रश्नासाठी हा लेख लिहीत आहे. कारण ही एकट्या तिची अडचण राहिलेली नाही. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती आहे, शिवाय कंपन्यांमार्फत जाणारी मुले आहेत. ज्या वस्तीत एके काळी मॅट्रिक झालेला पोरगा बघायला लोक यायचे, त्या वस्तीतली मुले-मुली आज विमानाने जातात. मुले गेली की लग्ने होतात, आणि लग्ने झाली की नवरा एका देशात व बायको दुसऱ्या देशात असा संसार सुरू होतो. त्याचे कायदे मात्र आपल्या घरात कोणाला माहीत नसतात. ते माहीत असतात एजंटाला, आणि तेही अर्धेच.

अशी ताटातूट आपल्या समाजाला नवी नाही. बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले आणि ऑगस्ट १९१७ मध्ये परत आले. पुन्हा १९२० मध्ये लंडनला गेले ते १९२३ मध्ये परतले. ती सगळी वर्षे रमाईने इकडे मुंबईत काढली. पैशाची ओढाताण, घरातली दुखणी आणि बोटीने येणारी पत्रे. भेटीला जाण्याचा विचारही तेव्हा शक्य नव्हता. त्यात कायद्याचीही एक गोष्ट आहे. बाबासाहेब १९१६ मध्ये अमेरिकेतून लंडनला गेले आणि पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९१७ मध्ये, अमेरिकेने कायदा करून हिंदुस्थानासह आशियाच्या मोठ्या भागातून वस्तीला येणाऱ्यांना दार बंद केले. आधीच तिकडे गेलेले पंजाबी मजूर बायका-मुलांना पुढे कित्येक वर्षे आणू शकले नाहीत. १९४६ मध्ये दार उघडले तेही इतके अरुंद की साऱ्या हिंदुस्थानातून वर्षाला फक्त १०० माणसे. आजची व्यवस्था १९६५ च्या कायद्यातून आली. तिच्यात कुटुंबाला मान आहे, पण मान असला तरी रांग आहे.

ही रांग समजून घेतली तर निम्मा गोंधळ मिटतो.

अमेरिकेत नवरा (किंवा बायको, कारण आता मुलीही पुढे जातात आणि नवरे इकडे थांबतात) कोणत्या हक्काने राहतो, यावर सगळे अवलंबून आहे. तो तिथला नागरिक असेल तर त्याच्या बायकोच्या व्हिसाला संख्येची मर्यादा नाही. कागदपत्रे फिरायला जो वेळ लागेल तेवढाच, आणि तोही वर्षभर किंवा जास्त होतो. पण तो नुसता ग्रीन कार्डवाला असेल तर बायको ‘एफ-२ए’ नावाच्या वर्गात येते. या वर्गाला दरवर्षी ठरावीकच व्हिसे. मागणी वाढली की रांग लांबते. २००० च्या सुमारास ही रांग चार वर्षांहून मोठी होती. पुढे जुलै २०१९ पासून मार्च २०२३ पर्यंत ती नव्हतीच म्हणा, आणि एप्रिल २०२३ पासून पुन्हा सुरू झाली. दर महिन्याला अमेरिकेचे परराष्ट्र खाते एक तक्ता काढते. कोणत्या तारखेपर्यंत अर्ज केलेल्यांचा नंबर आला ते त्यात असते. रेशनच्या रांगेसारखेच समजा, फक्त दुकान सात समुद्रापलीकडे.

आता यातली गंमत पाहा, आणि ही गंमत अनेकांच्या संसाराला महागात पडली आहे. मुलगा ‘एच-१बी’ या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असेल तर बायकोला ‘एच-४’ व्हिसा मिळतो आणि ती लगेच त्याच्याजवळ जाऊ शकते. मुलगा शिकायला गेला असेल तर ‘एफ-२’ आहे. म्हणजे तात्पुरत्या माणसाची बायको लगेच जाते आणि कायमच्या माणसाची बायको रांगेत बसते! शिवाय, ग्रीन कार्ड मिळण्यापूर्वी लग्न झालेले असेल आणि ते कार्ड नोकरीच्या मार्गाने मिळाले असेल, तर त्याच्या पाठोपाठ बायकोलाही जाता येते, नव्याने रांग नाही. लग्न नंतर झाले की हा हक्क गेला. आपल्याकडे काय होते? ‘आधी पोराचं कार्ड होऊ द्या, मग लग्न करू,’ असे दोन्हीकडची वडीलधारी माणसे शहाणपणाने ठरवतात. उपवर मुलाचे कार्ड जवळ आले असेल तर लग्नाची तारीख ठरवण्यापूर्वी जाणकार वकिलाला एकदा विचारा. पत्रिका पाहणे आपण सोडले, पण ही एक तारीख पाहण्यासारखी आहे.

अमेरिकेच्या सरकारलाही हा अन्याय एकदा जाणवला होता. २१ डिसेंबर २००० रोजी तिथे ‘लाइफ ॲक्ट’ नावाचा कायदा झाला. त्या दिवसापर्यंत अर्ज केलेल्या आणि तीन वर्षे रांगेत असलेल्या बायका-मुलांना ‘व्ही’ नावाचा व्हिसा मिळाला. त्यांनी तिकडे यावे, नवऱ्याजवळ राहावे आणि उरलेली वाट तिथे पाहावी. किती सरळ गोष्ट! पण ती सोय त्याच तारखेपर्यंतच्या अर्जदारांपुरती होती. नंतरच्यांसाठी ती पुन्हा केली नाही. म्हणून आजच्या मुलीसमोर उरतो तो साधा पर्यटक व्हिसा, ‘बी-२’.

तो मागायला कायद्याची आडकाठी नाही, हे पहिल्यांदा लक्षात घ्या. ‘कायमची फाईल चालू असताना पर्यटक व्हिसाचा अर्जच करता येत नाही,’ असे सांगणारे चूक सांगतात. ‘तुम्ही अर्ज केला तर मूळ फाईल रद्द होते,’ हेही खोटे. अडचण वेगळीच आहे. अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यात २१४ (बी) हे कलम आहे. त्याचा अर्थ असा की, पर्यटक म्हणून येऊ म्हणणारा प्रत्येक माणूस कायमचा राहायलाच येतो आहे असे अधिकाऱ्याने गृहीत धरायचे. तसे नाही हे अर्जदाराने पटवून द्यायचे. फौजदारी खटल्यात गुन्हा शाबीत होईपर्यंत माणूस निर्दोष. इथे उलटे. आणि जिच्या नावाने कायम राहण्याचा अर्ज आधीच पडलेला आहे तिने ‘मी परत येणार’ म्हणायचे, म्हणजे ओल्या लाकडाला काडी लावण्यासारखे.

एजंटाचा ‘नाही’ इथूनच जन्माला येतो. त्याचा हिशेब सरळ आहे. खरे सांगितले तर नकाराची शक्यता जास्त, खोटे सांगितले तर खपून जाईल. त्याची फी मात्र दोन्हीकडून पक्की.

पण हे खपत नाही. नवऱ्याने भरलेला अर्ज त्याच सरकारच्या दप्तरात आहे, त्यात बायकोचे नाव, जन्मतारीख, गाव सगळे आहे. खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्यासमोर ते दिसते. आणि खोटे सापडले की काय होते ते एजंट सांगत नाही. महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगून व्हिसा मिळवण्याचा प्रयत्न केला, असा शेरा एकदा बसला की तो माणूस त्या देशात जाण्यास जन्मभर अपात्र ठरतो. फक्त पर्यटक म्हणून नव्हे, कायमच्या व्हिसालाही! माफीचा अर्ज असतो. नवऱ्याला फार मोठी हालअपेष्टा होईल हे सिद्ध करावे लागते, वकिलाची फी भरावी लागते, वर्षे जातात. याउलट खरे सांगून २१४ (बी) खाली नकार मिळाला तर तो त्या दिवसापुरता. अपील नाही, पण पुन्हा अर्ज करता येतो आणि मूळ फाईलला धक्का लागत नाही. म्हणजे एका बाजूला गेलेली फी, दुसऱ्या बाजूला गेलेला संसार.

हे सगळे त्या मुलीला विहाराच्या पायरीवर बसून सांगितले. ती म्हणाली, ‘गुरुजी, आत्ताच वर पंचशील म्हणून आले मी. चौथं शील म्हणताना हाच कागद डोळ्यापुढं होता.’ मला वाटते, तिला उत्तर आधीच ठाऊक होते. कोणीतरी सोबत हवे होते. अर्ज तेव्हा जमा झालेला नव्हता, हे बरे. तिने एजंटाकडून तो काढून घेतला आणि नव्याने भरला. ‘होय’ लिहिले. नवरा तिथे आहे, ग्रीन कार्डवर आहे, हेही लिहिले, कारण तोही प्रश्न त्याच फॉर्मात असतो.

‘होय’ लिहिल्यावर पुढचे काम सुरू होते. आपण परत येणार हे दाखवायचे कसे? तिच्याजवळ सरकारी नोकरी होती. रजा मंजूर झाल्याचे पत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, आईच्या नावचा सातबारा, बँकेचे पुस्तक हे सगळे तिने लावले. पण माझ्या मते सर्वांत भक्कम पुरावा तीच फाईल आहे जिला एजंट घाबरत होता. कायमच्या व्हिसाची मुलाखत मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत होणार, त्यासाठी वैद्यकीय तपासणी इकडेच, पोलीस दाखला इकडचाच. म्हणजे हिला परत यावेच लागणार! ‘मला माझा कायमचा व्हिसा नीट मार्गाने हवा आहे, तो बिघडेल असे मी काही करणार नाही, म्हणून मी अमुक तारखेला परत येईन,’ हे वाक्य स्वच्छ बोलता आले पाहिजे. मराठीतूनही मुलाखत देता येते का हे आधी विचारून ठेवावे. इंग्रजी अडखळले म्हणून खोटारडेपणा ठरू नये. अधिकारी कागद पाहतीलच असे नाही. दोन-तीन मिनिटांचे बोलणे, त्यात मुद्द्याचेच बोलायचे. किती दिवस, कोणाकडे, खर्च कोणाचा, परत कधी. सहा महिने म्हणण्यापेक्षा रजेइतकेच दिवस म्हणावे.

पर्यटक व्हिसाची मुलाखत भारतात दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता व हैदराबाद या पाच ठिकाणी होते. आपल्या उमरखेडच्या माणसाने नांदेडला जाऊन गाडी धरली तर मुंबई आणि हैदराबाद दोन्ही सोयीचे. हैदराबाद तर मुंबईपेक्षा जवळ. बोटांचे ठसे व फोटो देण्यासाठी बहुधा वेगळा दिवस असतो, म्हणून मुक्कामाची सोय आधी पाहावी. तारीख मिळायलाही दम लागतो. २०२२-२३ मध्ये पहिल्यांदा पर्यटक व्हिसा मागणाऱ्यांना भारतात वर्षाहून जास्त थांबावे लागत होते. फी परत मिळत नाही. एस.टी., रेल्वे, लॉज, फी आणि बुडालेली मजुरी असा खर्च मांडून मगच ठरवावे. कर्ज काढून हा जुगार खेळू नये असे मी स्पष्टच सांगतो.

व्हिसा मिळाला तरी तो दारापर्यंतचा पास असतो. किती दिवस राहायचे ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, साधारण सहा महिन्यांपर्यंत. तोही तेच प्रश्न विचारतो. सामानात लग्नाचा अल्बम, सगळी प्रमाणपत्रे आणि बारा महिन्यांचे कपडे सापडले तर त्याला काय वाटणार? नेमून दिलेल्या तारखेनंतर राहू नये. १९९६ च्या कायद्याने १८० दिवसांपेक्षा जास्त बेकायदा राहून बाहेर पडणाऱ्याला तीन वर्षे, आणि एक वर्ष वा त्याहून जास्त राहिलेल्याला दहा वर्षे प्रवेशबंदी आहे. पर्यटक म्हणून गेलेल्या बाईला तिथे पगाराचे काम करता येत नाही, ओळखीच्या दुकानात मदत म्हणूनसुद्धा नाही. दवाखान्याचा खर्च तिकडे घर बुडवणारा असतो, म्हणून प्रवासी विमा काढल्याशिवाय पाऊल उचलू नये.

आणखी एक सल्ला हमखास मिळतो. ‘एकदा जा, मग तिथेच अर्ज बदलून घे, परत कशाला येतेस?’ नागरिकाच्या बायकोला, ती कायदेशीर मार्गाने आत आली असेल तर, तिथल्या तिथे अर्ज करण्याची वाट कायद्यात आहे हे खरे. पण मनात राहण्याचे ठरवून, तोंडाने ‘फिरायला आले’ म्हणून आत शिरणे ही पुन्हा तीच फसवणूक, आणि तिची शिक्षाही तीच जन्मभराची. ग्रीन कार्डवाल्याच्या बायकोला तर मुदत संपल्यावर ही वाटही बंद. कोणाच्या मामेभावाला जमले म्हणून आपल्याला जमेल असे नसते.

भेटीला गेली असताना मुंबईच्या मुलाखतीची वेळ आली तर? परत यायचे आणि मुलाखत द्यायची. खरोखर अडचण असेल तर तारीख पुढे मागता येते. पण पत्राला वर्षभर उत्तरच दिले नाही तर फाईल बंद होऊ शकते. म्हणून फाईलवरचा ई-मेल आणि पत्ता चालू असलाच पाहिजे, आणि तो रोज उघडणारे माणूस घरात पाहिजे. मध्येच नवरा नागरिक झाला तर बायकोची फाईल रांगेबाहेर निघते, ही आनंदाची गोष्ट. मात्र मूल असेल आणि ते आईच्या फाईलला जोडून असेल तर त्याच्यासाठी आता वेगळा अर्ज भरावा लागतो. हे विसरल्यामुळे आईचा व्हिसा हातात आणि लेकरू मागे, अशी वेळ येऊ शकते.

सगळे देश असे वागत नाहीत. कॅनडाच्या कायद्यात स्वच्छ लिहिले आहे की, कायम राहण्याची इच्छा आहे एवढ्यावरून कोणाला तात्पुरत्या भेटीसाठी नाकारायचे नाही. मुदत संपल्यावर परत जाईल हे पटले म्हणजे झाले. २०२३ पासून तर तिथे कायमची फाईल चालू असलेल्या जोडीदारांचे भेटीचे अर्ज लवकर निकाली काढण्याचे धोरण आले. इंग्लंडचा इतिहास मात्र काळा आहे. १९७९ च्या जानेवारीत लग्नासाठी लंडनच्या विमानतळावर उतरलेल्या एका ३५ वर्षांच्या भारतीय शिक्षिकेची, ती खरोखर अविवाहित आहे का हे पाहण्यासाठी, शरीराची लाजिरवाणी तपासणी केली गेली. वर्तमानपत्रात बोंब झाल्यावर तो प्रकार थांबला. लग्नाचा मुख्य हेतू इंग्लंडात घुसणे हा नव्हता, हे सिद्ध करायला लावणारा नियम १९९७ च्या जूनमध्ये गेला. आता तिथे पैशाची भिंत आहे. ११ एप्रिल २०२४ पासून जोडीदाराला बोलावणाऱ्याचे उत्पन्न वर्षाला किमान २९,००० पौंड असावे लागते. भेटीचा व्हिसा सहा महिन्यांपर्यंतचा, आणि त्यावर गेलेल्या माणसाला तिथेच राहून तो जोडीदाराच्या व्हिसात बदलता येत नाही.

आता भगिनींसाठी एक गोष्ट, आणि ही मला व्हिसापेक्षा महत्त्वाची वाटते. ‘फाईल टाकली आहे’ असे नवरा फोनवर सांगतो. टाकली आहे हे तुम्ही पाहिले आहे का? अर्ज दाखल झाला की अमेरिकेचे खाते पावती देते, तिच्यावर एक क्रमांक असतो. तो क्रमांक तुमच्या वहीत असला पाहिजे. त्यावरून अर्ज कुठे पोहोचला ते कोणालाही मोबाईलवर पाहता येते, नवऱ्याला विचारावे लागत नाही. क्रमांक मागितला म्हणून राग येत असेल तर त्या रागाचे कारण शोधा. सगळेच नवरे तसे नसतात, बहुतेक नसतातच. पण रांगेच्या नावाखाली बायकोला वर्षानुवर्षे सासरी भांडी घासायला ठेवून तिकडे दुसरा घरोबा करणारेही असतात. अशा वेळी राष्ट्रीय महिला आयोगात परदेशस्थ भारतीयांच्या विवाहांसाठी २००९ पासून वेगळा कक्ष आहे. तिथे तक्रार करता येते. भेटीला जाण्याचा एक फायदा हाही आहे की नवरा कुठे राहतो, कसा राहतो हे डोळ्यांनी दिसते.

आमच्या या मुलीकडे पावती होती. तिच्या नवऱ्याने पहिल्याच दिवशी पाठवली होती. पण फाईलमध्ये दुसरीच उणीव निघाली. लग्न विहारात झाले होते, बौद्धाचार्यांनी लावले होते आणि हातात भारतीय बौद्ध महासभेचे प्रमाणपत्र होते. ते जपून ठेवावेच, पण परदेशी खात्याला विवाह निबंधकाचे प्रमाणपत्र लागते. शहरात ते नगर परिषदेतून, खेड्यात ग्रामपंचायतीतून मिळते. त्यावर तिचे नाव सासरचे, पासपोर्टवर माहेरचे, शाळेच्या दाखल्यावर आणखी वेगळ्या स्पेलिंगचे. लग्नानंतर पासपोर्टवरचे नाव बदललेच पाहिजे असा नियम नाही. पण दोन्ही नावे एकाच बाईची आहेत हे सांगणारा कागद जोडावा लागतो. हे सगळे मुलाखतीच्या आदल्या रात्री आठवून उपयोग नाही.

फोटोंचीही एक गोष्ट. आपल्या विवाहात होम नाही, सप्तपदी नाही, हुंड्याचा रुखवत नाही. पांढरे कपडे, तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा, त्रिशरण, पंचशील, पुष्पमाला. तासाभरात लग्न लागते. साधेपणा हा आपला अभिमान आहे, पण थाटमाटाचे लग्नच खरे समजणाऱ्या परक्या माणसाला तो खटकू शकतो. म्हणून लग्नाची पत्रिका, दोन्हीकडच्या नातेवाइकांसह काढलेले फोटो आणि ‘आम्ही बौद्ध आहोत, आमचा विवाहविधी असा असतो’ हे दोन ओळींत सांगण्याची तयारी ठेवावी. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

ती मुलाखतीला गेली. खरे ते बोलली. अधिकारी सभ्यपणे वागले, एवढ्या लवकर मात्र व्हिसा देता येत नाही म्हणाले आणि छापील पत्र हातात दिले. २१४ (बी). नांदेडच्या स्टेशनवर उतरल्यावर तिने फोन केला. ‘गुरुजी, “होय” लिहिलं म्हणून गेला का हो व्हिसा?’ मी म्हटले, ‘असेलही, पोरी. पण मोठा व्हिसा शाबूत आहे.’ त्या वेळी हे बोलणे तिला किती पटले असेल, मला शंका आहे. सासूबाई आठवडाभर बोलल्या नाहीत. त्यांना वाटत होते की एजंटाचे ऐकले असते तर सून आज अमेरिकेत असती.

मग नवऱ्याने दुसरा विचार केला. ग्रीन कार्डवाल्याला इकडे यायला कोणाची परवानगी लागत नाही, फक्त रजा आणि तिकिटाचे पैसे लागतात. वर्षाच्या आत परत गेले की कार्डाला सहसा अडचण येत नाही. जितका पैसा तिच्या दुसऱ्या अर्जावर, प्रवासावर आणि विम्यावर जाणार होता त्यात थोडी भर घालून तो एप्रिलमध्ये आला, जयंतीच्या पाच दिवस आधी. तीन आठवडे राहिला. नगर परिषदेत जाऊन दोघांनी प्रमाणपत्रातली नावाची दुरुस्ती करून घेतली. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत निळा फेटा बांधून तो तिच्या शेजारी चालत होता आणि सासूबाई सगळ्या गल्लीला बोलावून दाखवत होत्या.

गेल्या आठवड्यात ती पुन्हा विहारात फाईल घेऊन आली होती. मिरवणुकीचे चार फोटो मागे तारीख घालून लावले होते. नवऱ्याच्या विमानाच्या पासाची आणि पासपोर्टवरच्या शिक्क्याची झेरॉक्स जोडली होती. लग्न खरे आहे, नवरा भेटायला येतो, याचा तो पुरावा झाला. व्हिसाच्या तक्त्यातली तारीख या महिन्यात किती सरकली ते तिने स्वतःच वहीत लिहून आणले होते. मला फक्त बेरीज तपासायला सांगितली.